उघड्या वहीतील चोरी

ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स या विनिमय केंद्रातून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. त्यांची त्या वेळची किंमत सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर होती. चोर कोण, हे पोलिसांना ठाऊक नव्हते. पण चोरीचा माल कोठे ठेवला आहे, हे मात्र जगात कोणालाही घरबसल्या पाहता येत होते! असे कसे होऊ शकते? त्यासाठी बिटकॉइनची वही कशी लिहिली जाते, ते आधी पाहू या.

वही सर्वांची, नाव कोणाचेच नाही

२००९ मध्ये सुरू झालेल्या या चलनाला नोटा नाहीत, नाणी नाहीत. आहे ती फक्त एक वही. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन गेले, याच्या नोंदी तीत असतात. या नोंदींचे गठ्ठे, म्हणजे 'ब्लॉक', एकमेकांत असे गुंफलेले असतात की मागची एखादी नोंद बदलली तर पुढची सारी साखळी जुळेनाशी होते. म्हणून या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. तिच्या प्रती जगभरातील हजारो संगणकांवर आहेत. ती कोणीही वाचावी. खाडाखोड मात्र करता येत नाही.

वहीत माणसाचे नाव नसते. 'पत्ता' म्हणजे अक्षरे व अंक यांची एक लांबलचक माळ. ज्याच्याजवळ त्या पत्त्याची गुप्त किल्ली (तीही एक प्रचंड संख्याच), तो तेथील पैसे खर्च करू शकतो. एकच माणूस असे हजारो पत्ते तयार करू शकतो. मग माग काढायचा कसा?

दोन खुणा

समजा, आपल्याला ८० रुपये द्यायचे आहेत आणि खिशात पन्नासाच्या दोनच नोटा आहेत. आपण दोन्ही नोटा देतो आणि २० रुपये परत घेतो. पत्त्यावर आलेली प्रत्येक रक्कम अशीच एका नोटेसारखी असते. खर्च करताना ती पूर्णच मोडावी लागते. आता क या पत्त्यावर ३ आणि ख वर २ बिटकॉइन आहेत, आणि मालकाला ४ द्यायचे आहेत. नोंद अशी होईल : क आणि ख मिळून ५, त्यांपैकी ४ ग ला, उरलेला १ घ ला. (किरकोळ शुल्क येथे सोडून देऊ.)

या एका ओळीतून दोन गोष्टी कळतात. क आणि ख यांच्या किल्ल्या एकाच व्यवहारात वापरल्या गेल्या. म्हणजे दोन्ही पत्ते बहुधा एकाच मालकाचे आहेत. शिवाय घ हा पत्ता अगदी नवा असेल, तर तो परत आलेल्या सुट्या पैशांचा, म्हणजे त्याच मालकाचा असावा. पुढे घ आणि च एकत्र खर्च झाले, की च देखील याच गटात येतो. पहिली खूण बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतो (हे टोपणनाव) याने २००८ च्या मूळ निबंधातच नोंदवली होती.

गटाला नाव कसे मिळते?

२०१३ मध्ये सारा माइकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी विनिमय केंद्रे, दुकाने, जुगाराची संकेतस्थळे यांच्याशी स्वतःच ३४४ व्यवहार केले. त्यामुळे प्रत्येकाचे निदान एक-दोन पत्ते कळले, आणि त्यांच्या आधारे पूर्ण गटालाच नाव देता आले. पोलिसांना एवढे पुरते. चोरीचा पैसा एखाद्या विनिमय केंद्राच्या गटात शिरला, की कायदेशीर आदेश देऊन खातेदाराची कागदपत्रे मागवता येतात.

बिटफिनेक्सच्या चोरांनी रक्कम असंख्य लहान व्यवहारांत फोडली, अल्फाबे या काळ्या बाजारातून फिरवली, खोट्या नावांची खाती उघडली. तरीही काही धागे एका दांपत्याच्या खऱ्या नावाच्या खात्यांपर्यंत पोचले. न्यायालयाच्या परवानगीने झडती घेतल्यावर एका सांकेतिक फाइलमध्ये गुप्त किल्ल्या सापडल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये दोघांना न्यूयॉर्क येथे अटक झाली. सुमारे ९४,००० बिटकॉइन जप्त झाले. त्यांची किंमत तोवर ३६० कोटी डॉलर झाली होती! २०२३ मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला.

तर्क आणि पुरावा

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वहीने पोलिसांना दारापर्यंत नेले. गुन्हा सिद्ध व्हायला किल्ल्या हाती लागाव्या लागल्या. वर आपण 'बहुधा' आणि 'असावा' हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. अनेक अनोळखी माणसे ठरवून एकच सामाईक व्यवहार करू शकतात. मग पहिली खूण फसते, आणि एका चुकीच्या दुव्यामुळे निरपराध माणूस चोराच्या गटात जाऊन बसतो.

हे वर्गातही करून पाहता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने गुपचूप तीन क्रमांक निवडावेत. फळ्यावर फक्त क्रमांकांतील देवघेव लिहावी आणि कोणते क्रमांक कोणाचे, हे इतरांनी ओळखावे. दुसऱ्या फेरीत दोघांना संगनमत करून एकत्र पैसे द्यायला सांगावे. पहिल्या फेरीतला आत्मविश्वास दुसऱ्या फेरीत किती टिकतो, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे.