अंगापेक्षा लहान बेतायचं

पोहायची मनापासून इच्छा आहे, पण पाण्यात कधी उतरल्या नाहीत अशा बायका मला ठाण्याच्या नौपाड्यात सतत भेटतात. पाण्याची भीती वाटते असं फार थोड्या जणी सांगतात. बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "तो कॉस्च्यूम घालून नाही बाई येणार मी." महापालिकेचा मारोतराव शिंदे तरणतलाव रिक्षाने जाण्याएवढा जवळ आहे, गुडघ्यांसाठी पोहा असं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, आणि घोडं अडलंय सव्वा मीटर कापडावर! याच बायकांच्या घरात शिलाई मशीन आहे, कित्येकींनी शिवण-कर्तनाचा क्लास केलाय, स्वतःचे अस्तराचे ब्लाउज त्या स्वतः शिवतात. जिला प्रिन्सेस कटचा ब्लाउज अंगावर नीट बसवता येतो, तिला पोहण्याचा कॉस्च्यूम शिवता येतो. मी माझे शिवते आणि इतरजणींना शिवायला लावते.

दुकानात साधारण दोन प्रकार मिळतात. एक जांघेपर्यंत वर कापलेला, दुसरा फ्रॉकसारखा झालर लावलेला. झालरवाला अंग झाकतो म्हणून बायका तो घेतात, पण पाण्यात ती झालर तरंगून वर येते आणि बाहेर पडताना पाणी धरून जड होते. आणि दोन्ही प्रकार कुठल्या तरी ठरावीक मापावर बेतलेले असतात. छातीला बसला तर पोटाला घट्ट, पोटाला बसला तर खांद्यावरून घसरणारा.

जुन्या पिढीतल्या गावाकडच्या मुली विहिरीत पोहायला शिकल्या त्या पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून. बायका नऊवारीचा काष्टा घट्ट मारून पाण्यात उतरत. मांडीपर्यंत अंग झाकलेलं, कमरेला पक्कं, पाय मोकळे. गरज अचूक ओळखलेला पोशाख होता तो. तरणतलावावर मात्र सुती कपडे चालत नाहीत, आणि त्याला कारण आहे: सुताचे तंतू गाळणयंत्रात अडकतात, कच्चा रंग पाण्यात उतरतो आणि भिजलेलं सूत पोहणाऱ्याला खाली ओढतं. काष्ट्याचा आकार घ्यायचा, पण कापड बदलायचं, असं मी मानते.

आता कापडाबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच निम्मं काम होतं. गोखले रोड, राम मारुती रोडच्या मॅचिंग सेंटरात रुबिया आणि टू बाय टू ढिगाने मिळेल. त्यातलं काहीच उपयोगाचं नाही. लायक्रा मागितलंत तर बहुधा लेगिंगचं सुती लायक्रा पुढे येतं, तेही नको. आपल्याला हवं नायलॉन आणि स्पॅन्डेक्सचं, साधारण 80-20 प्रमाणाचं, उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं कापड. दुकानदाराला 'फोर वे' म्हटलं की कळतं. स्पॅन्डेक्सचा धागा स्वतःच्या लांबीच्या पाचपट ताणला तरी पुन्हा मूळ जागी येतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो 1958 साली तयार केला आणि पुढे लायक्रा या नावाने तो जगभर गेला. त्याआधी पोहण्याचे पोशाख लोकरीचेसुद्धा असत आणि भिजले की लोंबत.

आमच्या भागातून या खरेदीसाठी उल्हासनगर सोयीचं पडतं. कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी आणि मग उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पचं 1949 साली उल्हासनगर झालं, आणि कापडाच्या धंद्यावर या लोकांनी गाव उभं केलं. ताणणारं कापड बऱ्याच ठिकाणी मीटरऐवजी किलोवर विकतात, तेव्हा आधी पन्हा विचारा. साठ इंची पन्हा असेल तर मांडीपर्यंतच्या कॉस्च्यूमला सव्वा मीटर पुरतं. दुकानातच परीक्षा घ्या. दहा सेंटिमीटरचा भाग चिमटीत धरून आडवा ताणा. तो पंधरापर्यंत सहज गेला पाहिजे आणि सोडल्यावर पुन्हा दहावर आला पाहिजे. दहाचा साडेदहा राहिला तर ते कापड महिनाभरात ढगळ होईल. मग ताणलेलं कापड उजेडासमोर धरा, आणि कोपरा बाटलीतल्या पाण्याने भिजवून पुन्हा पाहा. फिकट रंग भिजल्यावर आरपार दिसतात. दुकानदार कुरकुरला तरी हे करायचंच.

माप घेताना ब्लाउजची सगळी मापं लागतात, शिवाय सीट आणि मांडी. पण खरं महत्त्वाचं माप ब्लाउजच्या वहीत कधीच नसतं, ते म्हणजे उभा वेढा. टेप खांद्यावर धरायची, छातीवरून पोटावर, दोन पायांमधून मागे, पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यापर्यंत आणायची. हे एकटीने जमत नाही, बहिणीला किंवा जावेला मदतीला घ्या. दोन बायकांची छाती-कंबर सारखी असली तरी हा वेढा एकीचा लांब आणि दुसरीचा आखूड असू शकतो. तो कमी पडला की पट्ट्या खांद्यात रुततात, जास्त झाला की ओल्या कॉस्च्यूमला पोटावर झोळ येतो. तयार कपड्यातली बहुतेक गाऱ्हाणी या एका मापाशी येऊन थांबतात.

आणि मग बेतताना हाताची सवय मोडावी लागते. ब्लाउजला आपण माया ठेवतो. इथे माया ठेवायची तर नाहीच, अंगाच्या मापातून वजाबाकी करायची. सीट 100 सेंटिमीटर असेल तर कापड 90 चं. आडवी मापं साधारण दहा टक्क्यांनी कमी, उभा वेढा पाच टक्क्यांच्या आसपास कमी. शिवलेला कॉस्च्यूम हातात घेतल्यावर धाकट्या मुलीचा वाटतो, आणि तो तसाच वाटायला हवा, कारण पाण्यात कापड सैलावतं.

शिलाईची गोष्ट मशीनच्या सुईपासून सुरू होते. नेहमीची टोकदार सुई ताणणाऱ्या कापडात टाके सोडत जाते. स्ट्रेच कापडाची 75 नंबरची सुई मिळते, तिचं टोक किंचित गोल असतं आणि ती धाग्यांच्या मधून वाट काढते. दोरा पॉलिस्टरचा. टीप झिगझॅगचीच, रुंदी दोन आणि लांबी अडीचच्या आसपास. सरळ टीप दिसायला सुबक येते आणि कॉस्च्यूम अंगात चढवतानाच तुटते.

घरी जुनं काळं, सरळ टिपेचं पायमशीन असेल तर? गल्लीतल्या पिको-फॉलवाल्या मावशींकडे जा. साडीला पिको करायचं त्यांचं मशीन झिगझॅगचंच असतं. आमच्या मावशींनी पहिल्यांदा कापड बोटांत ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, हे दाबाखाली पळणार हो." मग त्यांनीच कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी घातली, दोन्ही एकदम शिवलं आणि कागद फाडून काढला. टीप एकसारखी आली. नायलॉनच्या साड्यांवर काढलेली वर्षं त्या हातात होती. फक्त सुई घेऊन जा तुमची.

इलॅस्टिक परकराच्या नेफ्यातलं नको, क्लोरीनने ते लवकर सैल पडतं. रबराची आठ मिलिमीटरची पट्टी घ्या. उलट्या बाजूने कडेवर झिगझॅग मारून ती बसवायची, एकदा आत दुमडायची, वरून पुन्हा झिगझॅग. गळ्याला किंचित ताणून, मांडीला पुढच्या बाजूने अजिबात न ताणता, मागच्या बाजूने मात्र चांगलं ताणून. मागचा भाग वर सरकू नये यासाठी एवढंच पुरतं.

आता दिसण्याबद्दल. त्याला कमी लेखू नका, आपल्याला शोभत नाही असं वाटलं की बाई पाण्यात जात नाही. प्रिन्सेस कटच्या दोन उभ्या शिलाया घेऊन कडेचे तुकडे गडद रंगाचे लावले की अंग सडपातळ दिसतं. पोटासाठी माझा आवडता उपाय चुण्यांचा. पुढचा तुकडा लांबीला सव्वापट कापायचा आणि दोन्ही कडांच्या शिलाईत चुणून बसवायचा. आडव्या मऊ चुण्यांमध्ये पोटाची गोलाई हरवते, आतलं अस्तर मात्र सपाट ठेवायचं. छातीच्या आधारासाठी अस्तराखाली पॉवरनेटचा आखूड थर आणि त्याखाली रुंद इलॅस्टिक. पट्ट्या दोन बोटं रुंद, पाठीवर फुलीसारख्या, म्हणजे हात फिरवताना घसरत नाहीत.

मांडी झाकणारा कॉस्च्यूम काकूबाईंचा, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या काळातल्या पॉलियुरेथेनच्या पोशाखांवर बंदी आल्यानंतर, 2010 पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बायकांचा स्पर्धेचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंत असू शकतो, आणि मोठमोठ्या जलतरणपटू तसाच घालतात. (अशा स्पर्धांना मान्यताप्राप्त पोशाखच लागतो, तिथे घरचा चालत नाही.)

घरच्या शिवणाचं खरं मोल मला वाटतं ते आजारातून उठलेल्या बायकांसाठी. खांदा आखडलेला असेल तर ओला कॉस्च्यूम डोक्यावरून किंवा खांद्यावरून ओढताना हाल होतात; पुढे प्लास्टिकची चेन लावा, धातूची नको. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईसाठी अस्तरात खिसा शिवता येतो, त्यात कृत्रिम स्तन नीट बसतो आणि पोहताना हलत नाही. स्वच्छतागृहात वारंवार जावं लागणाऱ्या बाईला वरचा आणि खालचा असे दोन वेगळे भाग करून द्या. असे कपडे आपल्याकडे दुकानात शोधणं अवघड, आणि शिवायला एक दुपार पुरते.

टिकवायचा असेल तर तलावात उतरण्याआधी शॉवरखाली पूर्ण भिजा. साधं पाणी प्यायलेलं कापड क्लोरीन कमी ओढतं. बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळा, पिळू नका, सावलीत वाळवा, वॉशिंग मशीनला लावू नका. रोज पोहणार असाल तर पॉलिस्टर आणि पीबीटीचं कापड घ्या, ते कमी ताणतं पण क्लोरीनमध्ये पुष्कळ जास्त टिकतं.

पहिला कॉस्च्यूम स्वस्तातल्या कापडाचा, गडद रंगाचा, बिनचुण्यांचा शिवा आणि घरच्या शॉवरखाली घालून वाका, बसा, हात वर करा. कुठे ओढतंय तिथे खडूने खूण करून ठेवा आणि मग चांगलं कापड कापा. तलावांवर बायकांच्या वेगळ्या बॅच असतात, त्यांची वेळ आजच विचारून ठेवा. आणि उभ्या वेढ्याचं माप याच रविवारी, घरात सगळ्याजणी जमल्या असतील तेव्हा, एकमेकींचं घेऊन टाका.