ताटातला सरकारचा वाटा किती?

४६.३, ३४.४ आणि ३५.२. महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या, वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलांची ही टक्केवारी. पहिला आकडा २००५-०६ चा, दुसरा २०१५-१६ चा, तिसरा २०१९-२१ चा. तिन्ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले. पहिल्या दहा वर्षांत प्रमाण जवळजवळ बारा टक्क्यांनी उतरले आणि मग गाडी जागीच रुतली. रक्तक्षयाचे तर उलटेच झाले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तो शेवटच्या दोन सर्वेक्षणांदरम्यान ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेला.

आकडे राज्याचे आहेत, पण ते बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात बसून वाचले तर जास्त बोचतात. इथे नीरा डावा कालवा आहे, उजनीचे पाणी आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे पाच सहकारी साखर कारखाने या दोनच तालुक्यांत आहेत. सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग सोडला तर हा मुलूख बागायती म्हणूनच ओळखला जातो. अशा ठिकाणी मूल अशक्त राहिले तर जबाबदार कोण? अंगणवाडी सेविका म्हणते, घरी लक्ष नाही. आई म्हणते, अंगणवाडीत काही मिळत नाही. दोघींचे ऐकून घेऊ आणि आधी हिशेब मांडू.

पाचशे कॅलरींचा हिशेब

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या अनुसूचीत तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी अंगणवाडीतून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने लिहिली गेली. पुढे निकष बदलले, प्रथिनांवर आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांवर भर आला. पण वाट्याचा अंदाज यायला हा आकडा पुरे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १,३६० कॅलरी लागतात.

आता गुणाकार. वर्षाची गरज ३६५ गुणिले १,३६०, म्हणजे ४,९६,४००. अंगणवाडीचा आहार वर्षातले ३०० दिवस, म्हणजे १,५०,०००. आहार एक दिवसही चुकला नाही आणि मुलाने ताट चाटूनपुसून साफ केले, तरी सरकारचा वाटा ३० टक्के. उरलेले ७० टक्के घरच्या चुलीवर.

याचा अर्थ सरकार सुटले असा नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. शिवाय ज्या घरात सत्तर टक्के शिजायचे, तिथली मजुरी, नळाचे पाणी आणि रेशन यांचा धागाही सरकारपर्यंतच जातो. पण नुसत्या अंगणवाडीच्या भरवशावर मूल वाढणार नाही, हे गणितच सांगते.

घरातले सत्तर टक्के

घरची बाजू कुठे लंगडी पडते? सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी मुले २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्यात शंभरात जेमतेम नऊ. हे वय अंगणवाडीत येऊन जेवण्याचे नाही. या वयासाठी पाकिटातला आहार घरी दिला जातो. तो मुलाच्याच पोटात जातो की घरातल्या सगळ्यांत वाटला जातो, हे घरानेच ठरवायचे.

या नऊच्या आकड्याला गरिबी हे एकच कारण नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणाऱ्या घरात पोराच्या वाटीत चहा आणि चपाती, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. चहाने पोट भरल्यासारखे वाटते आणि अन्नातले लोह अंगी लागत नाही, असा दुहेरी तोटा. खरे तर इलाज हाताशी आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, मूठभर शेंगदाण्याच्या कुटात सात. भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी येते. तिच्या पन्नास ग्रॅम मांसात, काटे नीट काढून, नऊ-दहा ग्रॅम. चार-पाच वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण सोळा ग्रॅम. दीड वर्षाच्या मुलाला याहून कमीच लागतात, पण ती मऊ करून, थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा भरवावी लागतात. इथे पैशाइतकाच वेळ लागतो आणि तो बहुतेक एकट्या आईकडूनच मागितला जातो.

लोहाचे औषध पाहा. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप द्यायचे असते. वर्षाला १०४ मात्रा, म्हणजे पन्नास मिलिलिटरच्या साधारण दोन बाटल्या. त्या वेळेवर गावात पोचवणे सरकारचे काम. शी काळी होते म्हणून तिसऱ्याच आठवड्यात बाटली फळीवर न ठेवता १०४ वेळा मुलाचे तोंड उघडणे घराचे काम.

आणि एक आकडा मूल जन्मण्याआधीचा. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित सर्व स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. अंगात रक्त नसलेल्या सतरा वर्षांच्या आईच्या पोटी कमी वजनाचे बाळ येण्याचा धोका वाढतो. तिथे बाळाच्या आजी-आजोबांचीही जबाबदारी मोजायला हवी.

फडातल्या मुलाचा हिशेब

कार्तिकात कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पहाटे अंधारात दोघे फडात जातात आणि तान्हे बाळ कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. बाळाचे नाव गावाकडच्या अंगणवाडीच्या पटावर, बाळ मात्र इथे.

मघाचाच गुणाकार चार वर्षांच्या अशा मुलासाठी करू. हंगामाचे पाच महिने आहार चुकला तर ३०० दिवसांचे १७५ उरतात. सरकारचा वाटा ३० टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्याही खाली. दिवसभर फडात राबणाऱ्या आईने वरचे ८२ टक्के भागवावेत अशी अपेक्षा करणे हा हिशेब नव्हे, अन्याय आहे. अशा मुलाची नोंद इथल्या अंगणवाडीत करून घेणे ही सरकारची जबाबदारी. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे ठरले आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे ते एक कोटी होतात. त्यातून कोप्यांच्या वस्तीवर पाळणाघर आणि गरम जेवण किती ठिकाणी उभे राहिले, हे ऊस उत्पादक सभासदांनीही वार्षिक सभेत विचारायला हरकत नाही.

सेविकेकडे दंडाचा घेर मोजायची तीन रंगांची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर १२.५ सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर हिरवा, त्याखाली पिवळा, ११.५ च्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा सेंटिमीटर घेर म्हणजे जाडी पावणेचार सेंटिमीटरच्याही आत. आपल्याकडे चांगला पोसलेला ऊस साधारण तेवढाच भरतो. लाल रंगातल्या मुलाचा दंड उसाच्या कांडीएवढा असतो, हे या भागात वेगळे समजावून सांगावे लागू नये.

शाळेबाहेरचे पन्नास मीटर

दुसऱ्या टोकालाही हालचाल आहे. राज्यातल्या पाच वर्षांखालच्या स्थूल मुलांचे प्रमाण २०१५-१६ ते २०१९-२१ च्या दरम्यान १.९ वरून ४.१ टक्के झाले. जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. पन्नास मीटर म्हणजे फाटकापासून सत्तर-ऐंशी पावले. तेवढ्या अंतरात टपरीवर काय टांगलेले आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीला एका दुपारी मोजता येईल.

मुलाची स्वतःची जबाबदारी सुरू होते ती इथे. सातवी-आठवीतल्या मुलाला हे कळते की २५० मिलिलिटर थंडपेयात साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर असते. आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी गिळायची की खिडकीबाहेर टाकायची, हेही त्याच्याच हातात. मात्र हे शहाणपण आठवीतल्या मुलाकडून मागावे, दोन वर्षांच्या बाळाकडून नव्हे. मूल जेवढे लहान, तेवढा त्याचा स्वतःचा वाटा शून्याजवळ आणि मोठ्यांचा शंभराजवळ.

तीस टक्के सरकारचे, सत्तर टक्के घराचे. आणि घर फडावर असेल तेव्हा त्या सत्तरात कारखान्याचाही वाटा. ऊस काट्यावर गेला की शेतकरी पावती हातात घेतल्याशिवाय हलत नाही. येत्या महिन्यात अंगणवाडीत वजनाचा दिवस असेल, तेव्हा मुलाला घेऊन जा आणि तीन आकडे लिहून मागा: वजन, उंची आणि दंडघेर.