मराठी शब्दसंस्करणात अपूर्णांकांचे लेखन : परंपरा, अडचणी आणि उपाय

प्रस्तावना

पाचगणी हे शाळांचे गाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. सेंट पीटर्स, किमिन्स, संजीवन विद्यालय अशा निवासी शाळांबरोबर मराठी माध्यमाचे शिक्षणही येथे दिले जाते. गणिताची प्रश्नपत्रिका संगणकावर तयार करताना दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांपुढे अपूर्णांक कसा लिहावा हा प्रश्न येतो. मराठीत त्याला लिपीच्या अडचणीची जोड मिळते. सदर लेखात या अडचणीचे स्वरूप व उपाय मांडले आहेत.

अडचणीचे स्वरूप

वहीत अंश वर, छेद खाली आणि मध्ये आडवी रेघ असते. कळफलकावर मात्र सर्व काही एका ओळीत येते. 'अडीच' ही संख्या '२ १/२' अशी लिहिली आणि मधली मोकळी जागा गळाली, तर '२१/२' म्हणजे साडेदहा होतात. '१/२क' याचा अर्थ 'क'ची निमपट की '२क'ने १ ला भागणे, हेही स्पष्ट होत नाही. अशा वेळी विद्यार्थ्याचे गुण जातात ते गणित न आल्यामुळे नव्हे, तर मांडणीच्या दोषामुळे.

पारंपरिक पद्धती

जुन्या मराठी जमाखर्चात पाव, अर्धा व पाऊण यांसाठी अनुक्रमे एक, दोन व तीन उभ्या रेघा काढीत. २। म्हणजे सव्वादोन, २॥ म्हणजे अडीच आणि २॥। म्हणजे पावणेतीन. ही मांडणी एका ओळीत बसते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू झाल्यानंतर तिचा वापर ओसरला. पाव, सव्वा, दीड हे शब्द मात्र बाजारात टिकून आहेत. २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत अशा चिन्हांना स्वतंत्र स्थान मिळाले. तथापि तीन सप्तमांशासारखा अपूर्णांक या पद्धतीने लिहिता येत नाही.

उपलब्ध उपाय

१) तयार चिन्हे : विंडोजमध्ये ऑल्ट कळ दाबून धरून अंकफलकावर ०१८९ टंकल्यास ½ हे चिन्ह मिळते. त्यातील अंक आंतरराष्ट्रीय असल्याने ते देवनागरी अंकांशेजारी विसंगत दिसते. युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये अशा स्थानांवर अनेकदा अक्षरांचे आकार बसवलेले असत. त्यामुळे फाँट बदलताच अपूर्णांकाचे अक्षर होऊ शकते.

२) समीकरण सुविधा : वर्ड २००७ पासून ऑल्ट व '=' या कळा एकत्र दाबल्यास समीकरणाची चौकट उघडते. तीत अंश, तिरपी रेघ व छेद टंकून स्पेस दिल्यास उभा अपूर्णांक तयार होतो. जुना 'इक्वेशन एडिटर ३.०' सुरक्षेच्या कारणास्तव जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आला. त्यात केलेली जुनी सूत्रे दिसतात, परंतु त्या साधनाने दुरुस्त करता येत नाहीत.

३) क्षेत्रसंकेत : वर्डमध्ये कंट्रोल व एफ-९ दाबून उमटलेल्या महिरपी कंसात रोमन लिपीत 'ईक्यू', मोकळी जागा, उलटी तिरपी रेघ व 'एफ' लिहावे. पुढे साध्या कंसात अंश व छेद स्वल्पविरामाने वेगळे करावेत आणि एफ-९ दाबावे. या पद्धतीत मजकुराचाच फाँट वापरता येत असल्याने देवनागरी अंकांसाठी ती सोयीची आहे.

४) लिबरऑफिस : या मुक्त प्रणालीच्या सूत्रसंपादकात अंश व छेद यांच्यामध्ये रोमन लिपीत 'ओव्हर' लिहिल्यास उभा अपूर्णांक मिळतो.

निष्कर्ष

एका प्रश्नपत्रिकेत एकच पद्धत वापरावी, तिरप्या रेघेसोबत आवश्यक तेथे कंस द्यावेत आणि अंतिम प्रत छापून तपासावी. अपूर्णांकाची मांडणी हा त्याच्या अर्थाचाच भाग आहे.