फुफ्फुसांतील भक्षक पेशी व खड्ड्यावरील धूळ

खळ्यावर उफणणी चालली असतां किंवा कंपोस्टचा खड्डा उकरतांना जी धूळ उडते, तींत जंतु व बुरशीचे बीजकण किती असतात हें डोळ्यांना दिसत नाहीं. तरी सशक्त शेतकरी सायंकाळीं हातपाय धुऊन भाकरीस बसतो व त्यास बहुधा कांहीं होत नाहीं. असें कां, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नाकाघशांतून निसटलेला बारीक कण फुफ्फुसाच्या वायुकोशांत पोंचतो. तेथें भक्षक पेशी फिरत असतात. मेच्निकॉफ ह्या शास्त्रज्ञानें १८८२ सालीं मेसिना येथें तारामाशाच्या पिलांत कांटा टोंचून अशा पेशी परक्या पदार्थाभोंवतीं जमतात हें पाहिलें. १९०८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पेशी जंतूस वेढून पोटांत घेते. परंतु नुसतें गिळल्यानें सर्वच जंतु मरत नाहींत. क्षयाचा जंतु तर त्या पेशींतच बिऱ्हाड करतो.

१९३३ सालीं बाल्ड्रिज व जेरार्ड यांस कुत्र्याच्या श्वेतपेशींवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, जंतु गिळतांना पेशी एकाएकीं पुष्कळ अधिक प्राणवायु ओढतात. हा खर्च कोणत्या सदराखालीं पडतो, हें मात्र पंचवीसएक वर्षें नीट उमगलें नाहीं. पुढें कळलें कीं तो गिळण्याच्या श्रमाचा नसून विष तयार करण्याचा आहे. पेशीच्या आवरणांतील एक विकर प्राणवायूवर विद्युत्कण चढवितें. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतें. जखम धुतांना फेंस आणणारें औषध तें हेंच. रक्तांतून मदतीस धांवणाऱ्या श्वेतपेशी तर त्यापासून विहिरींत टाकावयाच्या क्लोरीन-पुडीच्या जातीचें विष करितात.

हें विकर ज्यांच्यांत जन्मतःच सदोष, अशा मुलांचें वर्णन अमेरिकेंतील डॉक्टरांनीं १९५७ सालीं केलें. दोष कोठें आहे हें नंतर समजलें. त्यांच्या पेशी जंतु गिळतात, पण कित्येक जंतु व बुरशी त्यांना मारतां येत नाहींत. अशा मनुष्यानें कुजलेल्या पालापाचोळ्याची धूळ ओढली, तर थोड्याच दिवसांत प्राणघातक फुफ्फुसदाह होऊं शकतो.

उलटपक्षीं हें विष घरच्यासही भाजतें. गारगोटीच्या दगडाची बारीक धूळ पेशीस मारतां येत नाहीं कीं पचवितां येत नाहीं. पेशी स्वतः मरते, विष बाहेर सांडतें, तोच कण दुसरी पेशी गिळते, आणि असें होतां होतां फुफ्फुस निबर होतें. पाथरवटांचा दमा म्हणून लोक ज्यास म्हणतात, त्यांतला पुष्कळसा प्रकार हाच असावा.

सबब खड्डा उकरण्यापूर्वीं पाणी शिंपडावें व वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. उपरण्यानें कचरा अडतो, बीजकण अडत नाहींत. त्यास नाकातोंडाशीं घट्ट बसणारा, बारीक गाळणीचा मुखवटा लागतो. ज्या मुलास वरचेवर गळवें व न्यूमोनिया होतो, त्यास खड्ड्याजवळ जाऊं न देतां आधीं डॉक्टरास दाखवावें.