डॅशबोर्डच्या आड उकळणारा गारवा

मे महिन्याची दुपार, राहुरीच्या पुढचा नगर-मनमाड रस्ता आणि बाहेर 42 अंश. गाडीत एसी चालू आहे. अशा वेळी डॅशबोर्डच्या आड, तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, एक द्रव खदखदा उकळत असतो. उकळत असतो आणि तरीही त्याचं तापमान असतं जेमतेम दोन-तीन अंश. या उकळण्यामुळेच तुमच्या तोंडावर गार वारा येतो. एसी मंदावला, की बहुतेकदा या उकळण्यात कुठेतरी विघ्न आलं आहे, असं समजावं.

पदार्थ उकळतो म्हणजे तो तापलेलाच असला पाहिजे, ही आपली समजूत पाण्यामुळे झालेली. गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला आर-134ए हा पदार्थ मोकळ्या हवेत उणे 26 अंशांनाच उकळतो. त्याला 30 पीएसआयच्या आसपास दाबाखाली ठेवलं, की तो शून्याच्या किंचित वर उकळतो. द्रवाची वाफ व्हायची तर उष्णता लागते. ती तो आजूबाजूच्या नळ्यांतून, म्हणजे पर्यायाने केबिनमधल्या हवेतून खेचून घेतो. माठात हेच घडतं. बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं.

ही युक्ती नगरला नवी नाही. शहराच्या आग्नेयेला फराहबाग उभा आहे. निजामशाहीतला हा अष्टकोनी महाल 1583 मध्ये पूर्ण झाला आणि तो बांधला होता तलावाच्या मधोमध. मुर्तजा निजामशाह तिथे बुद्धिबळ खेळायला जाऊन बसे, असं सांगतात. चहूबाजूंनी पाणी, त्यावरून येणारा वारा आणि जाड भिंती. उन्हाळा घालवायला सुलतानाने जागा बरोबर हेरली होती. आज तो तलाव कोरडा आहे आणि महालाभोवती नुसतं ऊन आहे.

अडचण नेमकी तिथेच आहे. उडालेली वाफ परत येत नाही, म्हणून माठ रोज भरावा लागतो आणि तलाव दरवर्षी. वाफ पकडून तिचा पुन्हा द्रव करायचा आणि तोच द्रव पुन्हा उकळायचा, हे चक्र यंत्रात बसवण्याचं पेटंट जेकब पर्किन्सने 1834 मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. त्याने त्यासाठी ईथर वापरलं होतं. तुमच्या गाडीत आज चालतं ते मुळात तेच चक्र.

पण वाफेचा द्रव करायचा तर ती गार करायला हवी आणि बाहेर तर 42 अंश. गार करणार कशाने? मला या सगळ्या यंत्रातला सर्वात सुंदर भाग हाच वाटतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाब सव्वादोनशे पीएसआयच्या घरात नेतो. दाबलेली वाफ तापते आणि या दाबाला तिचा द्रव व्हायला साठ अंशांच्या आसपासचं तापमानही पुरतं. ही तापलेली वाफ रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमधून फिरते. आपल्याला भाजून काढणारी 42 अंशांची झळ तिच्या दृष्टीने गार वारा असते! त्या झळेला उष्णता देऊन वाफ निवते, द्रव होते, ड्रायरमधून गाळली जाते, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटते, दाब एकदम पडतो आणि कूलिंग कॉइलमध्ये ती पुन्हा उकळू लागते.

छोट्या गाडीत हा गॅस असतो साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. एसी एक टन क्षमतेने चालत असेल, तर हा सगळा साठा विसेक सेकंदांत एक फेरी पुरी करतो. नगरहून पुण्याला पोहोचेपर्यंत त्याच अर्ध्या किलोच्या काही शे फेऱ्या होतात. टन हे मापही मजेशीर आहे. त्याचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी क्षमता म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांनी इमारती गार करण्याच्या काळातला हिशेब अजून चालू आहे.

थोडक्यात, गाडीत थंडी तयार होत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकली जाते. तेव्हा एसी कमी पडला, तर उष्णता वाटेत कुठे अडली, हे शोधायचं. आपण मात्र थेट गॅरेजला जातो आणि म्हणतो, “गॅस भरा.”

गॅस काही पेट्रोल नव्हे. तो जळत नाही आणि वापरून संपतही नाही. रबरी होसमधून, कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण मार्चमध्ये भरलेला गॅस मेमध्ये ‘संपला’ असेल, तर गळती आहे, दुसरं काही नाही. ती न शोधता पुन्हा भरणं म्हणजे पैसे आणि गॅस दोन्ही हवेत सोडणं. गळती सापडते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं वंगण तेलही फिरत असतं. ओ-रिंग वाळली किंवा कंडेन्सरला खडा लागला, की गॅस उडून जातो, पण तेल तिथेच राहतं आणि त्यावर धूळ बसते. चांगला मेकॅनिक बॅटरीच्या उजेडात जोडांवर बोट फिरवत जातो आणि नाण्याएवढा काळपट, ओलसर डाग दिसला की थांबतो. तिथे साबणाचा फेस लावला, की बुडबुडे बोलतात. नाहीच दिसलं, तर आत रंग सोडून निळ्या दिव्याखाली शोधायचं.

गेज लावून गॅस किती आहे ते कळतं, ही समजूतही अर्धीच खरी. बंद गाडीत नळ्यांमधला दाब ठरतो तो तापमानाने. गॅसच्या वजनाचा त्यात हात नसतो. 40 अंशांना आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी काटा 130 पीएसआयच्या आसपासच दाखवणार. साठा पूर्ण असो की निम्मा. इंजिन चालू करून दोन्ही बाजूंचे दाब पाहिले, तर बरंच उमगतं. पण खात्रीचा रस्ता एकच: उरलेला गॅस मशीनमध्ये काढून घ्यायचा, व्हॅक्यूम मारायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले तेवढे ग्रॅम वजन करून भरायचे. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट कमी होतो. कारण कंडेन्सरमध्ये द्रव साचून वाफेला निवायला जागाच उरत नाही.

व्हॅक्यूमला अर्धा तास लागतो, म्हणून घाईत तो गाळला जातो. त्या अर्ध्या तासात नळ्यांमधली हवा निघून जाते आणि दाब इतका उतरतो, की आत दडलेलं पाणी साध्या खोलीच्या तापमानाला उकळून वाफ होऊन निघून जातं. ते आत राहिलं, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकावर त्याचा बर्फ होतो आणि वाट बंद. अशा गाडीत एसी छान सुरू होतो, मध्येच जातो, बंद करून थोडं थांबलं की पुन्हा चालतो. मालकाला वाटतं, भुताटकी आहे.

आता आपल्या रस्त्यांकडे या. नगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा, आणि आता अहिल्यानगर नाव झालेल्या या जिल्ह्यात धूळ, उसाचं पाचट आणि ट्रॅक्टर यांना तोटा नाही. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रेलरमागून चाललेली गाडी समोरून जे काही खाते, ते सगळं कंडेन्सरच्या पातळ पात्यांमध्ये जाऊन बसतं. धूळ, किडे, तुऱ्याच्या म्हाताऱ्या. पुढची जाळी काढून बॅटरी मारून पाहा. कधीकधी तिथे करडी गोधडी पसरलेली दिसते. वाफ निवायची जागा हीच. ती बुजली, की दाब चढतो आणि गारवा उतरतो. हलक्या धारेच्या पाण्याने ती धुतली जाते. सर्व्हिसिंगचा जोरदार फवारा जवळून मारला, तर पाती आडवी होतात आणि उपचारच रोग होतो.

इथेच एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडी पळताना एसी गार आणि सुप्याच्या किंवा शिर्डीच्या कोंडीत उभी राहिली की कोमट, असं होत असेल, तर गॅसच्या आधी कंडेन्सर आणि त्याचा पंखा बघा. पळत्या गाडीत वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीत तो पंख्याने आणावा लागतो.

झोतच बारीक असेल, तर मामला अगदीच वेगळा. हवा गार होते आहे, पण तुमच्यापर्यंत येत नाही. बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे एसी फिल्टर असतो. तो काढून उन्हाकडे धरा. उजेड आरपार दिसला नाही, तर नवा टाका, घरच्या घरी होणारं काम आहे. सुरुवातीला झोत जोरदार आणि तासाभराने मंद होत गेला, तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमत असावा. कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडला, की कॉम्प्रेसर थांबायचं विसरतो. आणि झोत भरपूर, पण गारवा शून्य असेल, तर इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा, एसीचं बटण दाबा आणि कॉम्प्रेसर जोडणाऱ्या क्लचचा ‘टक्’ आवाज येतो का ऐका. 1940 च्या पॅकार्ड गाडीत, म्हणजे कारखान्यातूनच एसी बसवून आलेल्या पहिल्या गाडीत, हा क्लच नव्हताच. एसी बंद करायचा, तर उतरून पट्टा काढावा लागे. आता काही नव्या गाड्यांतही कॉम्प्रेसर क्लचशिवाय चालतो, त्यामुळे तिथे आवाज आला नाही म्हणून घाबरू नये.

पावसाळ्यात गणित पालटतं. मेमधली नगरची हवा कोरडी, तिला फक्त गार करायचं असतं. तीच गाडी जुलैत भंडारदऱ्याला न्या. घाटघरच्या पावसात हवा पाण्याने भरलेली असते आणि कूलिंग कॉइलवर त्या पाण्याचे थेंब होतात. एक लिटर पाणी असं हवेतून काढायला एक टन एसीची पुरी ताकद अकरा-बारा मिनिटं खर्ची पडते. गाडीखाली जे टपटपतं ते हेच पाणी, त्याची काळजी नको. ते टपकायचं थांबलं आणि पायाखालची मॅट ओली झाली, तर निचऱ्याची नळी तुंबली असं समजा.

आता पुन्हा गॅसकडे. पूर्वी गाड्यांत आर-12 असे. त्या कुळातला गॅस थॉमस मिजलेच्या चमूने शोधला. तो किती निरुपद्रवी आहे हे दाखवायला मिजलेने 1930 मध्ये रसायनतज्ज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. पुढे याच कुळातल्या गॅसनी ओझोनला भोक पाडलं आणि 1987 च्या मॉन्ट्रिअल करारानंतर ते मागे पडले. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात एक किलो आर-134ए सुमारे 1,300 ते 1,400 किलो कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो. म्हणजे पाचशे ग्रॅम गळलेला गॅस अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा.

तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये “गॅस भरून टाकू का?” असं विचारलं, तर तुम्हीच उलटे तीन प्रश्न विचारा: गळती कुठे आहे, व्हॅक्यूम किती वेळ मारणार आणि किती ग्रॅम भरणार? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तरच किल्ली हातात द्या.