गांजा, विजया आणि वेदनाशामक गोळी : जीर्ण वेदनेवरील औषधांच्या तुलनेत संज्ञांचे स्थान

१. प्रश्नाचे स्वरूप

लोणावळ्यास लागून असलेल्या वलवण येथील एका वृद्ध गृहस्थाची कल्पना करावी. गुडघे अनेक वर्षे धरलेले आहेत. मधुमेहामुळे रात्री तळपायांची आग होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या चालू आहेत, परंतु उतार बेताचाच. अशा वेळी कोणी आप्त सांगतो, ‘परदेशात आता गांजाच औषध म्हणून देतात; या गोळ्यांपेक्षा तो बरा.’ दुसरा तितक्याच निश्चयाने सांगतो, ‘गांजा म्हणजे व्यसन, त्याच्या वाटेस जाऊ नये.’ या दोघांपैकी खरे कोणाचे, असा प्रश्न रुग्णापुढे उभा राहतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या स्वरूपात विचारलेल्या प्रश्नास उत्तरच नाही. त्याचे कारण वैद्यकाइतकेच भाषेतही आहे. ‘गांजा’ हे एका वनस्पतीच्या विशिष्ट भागाचे नाव आहे. ‘चिठ्ठीवरचे औषध’ हे विक्रीच्या कायदेशीर पद्धतीचे नाव आहे. आणि ‘वेदना’ हे अनेक भिन्न अनुभवांना दिलेले एकच नाव आहे. या तिन्ही संज्ञा सुट्या करून पाहिल्याखेरीज तुलनेस आरंभच होऊ शकत नाही.

२. वनस्पती एक, नावे अनेक

भांग, गांजा आणि चरस ही तिन्ही एकाच वनस्पतीची रूपे होत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस. अथर्ववेदातील एका सूक्तात ‘भङ्ग’ हा शब्द दर्भ व यव यांच्या सोबतीने येतो. पुढे वैद्यकीय निघंटूंत ‘विजया’ हे नाव रूढ झाले. हा भेद केवळ बोलीतला नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘कॅनाबिस’ची व्याख्या फुलोऱ्यांपुरती करण्यात आली आणि फुलोऱ्यांविना असलेली पाने व बिया तीतून वगळण्यात आल्या. आपल्याकडील १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्यविषयक अधिनियमाने तीच रेषा पत्करली. त्यामुळे केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने गांजा व चरस निषिद्ध द्रव्यांत मोडतात, भांग मोडत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने पानांचाही समावेश मादक द्रव्यांत केला आहे. याउलट औषधविषयक नियमांच्या ‘ई-१’ या अनुसूचीत आयुर्वेदीय विषारी द्रव्यांच्या यादीत भंगेचे नाव आहे. म्हणजे परवानाधारक निर्मात्याने केलेला विजयायुक्त कल्प वैद्याच्या देखरेखीखाली घेता येतो. एकच वनस्पती एका नावाने गुन्हा, दुसऱ्याने उत्सवातील पेय आणि तिसऱ्याने औषध ठरते, ते असे.

‘चिठ्ठीवरची औषधे’ या पदाची स्थिती याहून निराळी नाही. त्याच्या पोटात डायक्लोफेनॅकसारखी दाहशामके येतात, गॅबापेंटिनसारखी मज्जातंतूंवर चालणारी द्रव्ये येतात, मुळात विषण्णतेसाठी योजलेली अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे येतात, आणि ट्रामाडॉल व मॉर्फिन ही अफूच्या कुळातील औषधेही येतात. यांची कार्यपद्धती वेगळी आणि धोकेही वेगळे. तेव्हा ‘गांजा की गोळी?’ या प्रश्नात ‘गोळी’ कोणती, हे प्रथम सांगावे लागते.

३. वेदनेची शब्दसृष्टी

मराठीत ‘दुखणे’ हा शब्द वेदना आणि आजार या दोन्ही अर्थांनी चालतो. परंतु त्याच्या आश्रयाने वावरणारे शब्द पाहिले म्हणजे भाषेने केलेले सूक्ष्म वर्गीकरण ध्यानात येते. गळू ठसठसते, दाढ ठणकते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, मांड्यांत रग लागते. तर तळपायांची आग होते, पायाला मुंग्या येतात, पाठीतून पायापर्यंत चमक जाते. पहिल्या गटातील शब्द बहुधा ऊतींची इजा, दाह, पेटके किंवा स्नायूंचा ताण दर्शवितात. दुसऱ्या गटातील शब्द बहुधा खुद्द मज्जातंतूच बिघडल्याचे सूचित करतात.

हे निरीक्षण केवळ कोशकाराच्या कुतूहलाचे नाही. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅक्‌गिल वेदना-प्रश्नावली वेदनेच्या विशेषणांवरच उभारलेली आहे. तीत ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. मज्जातंतुजन्य वेदना ओळखण्याच्या आजच्या प्रश्नावल्याही आग, झटका, मुंग्या, बधिरता अशाच शब्दांची विचारणा करतात. दाहशामक गोळी गुडघ्याच्या दुखण्यावर उपयोगी पडते, तळपायांच्या आगीवर ती बहुधा निरुपयोगी ठरते. वलवणच्या त्या गृहस्थाने दोन्हींस ‘दुखतंय’ एवढेच म्हटले आणि ऐकणाऱ्याने पुढे विचारले नाही, तर औषधाची निवड तेथेच चुकते.

४. गांजा औषधकोशातून का गेला?

गांजाचा आधुनिक वैद्यकातील प्रवेश भारतातूनच झाला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये संधिवात, धनुर्वात इत्यादी विकारांत त्याच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि तो अर्क युरोप-अमेरिकेत पोहोचला. अमेरिकेच्या औषधकोशात त्यास १८५० मध्ये स्थान मिळाले. १९४२ मध्ये ते गेले. त्यास कायद्याचे दडपण कारण झाले, हे खरे. परंतु द्रव्याचे स्वरूपही कारण झाले. मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच शुद्ध रूपात वेगळे झाले होते. त्याचे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे सुई प्रचारात येताच ते मोजून टोचता येऊ लागले. गांजाचे सत्त्व पाण्यात विरघळत नाही, आणि अर्काची तीव्रता बाटलीगणिक बदलत असे. मात्रा निश्चित न होणाऱ्या द्रव्यास वैद्याने टाळावे, हे स्वाभाविक होते.

गांजातील मुख्य मादक घटक टीएचसी १९६४ मध्ये इस्रायलमध्ये गाओनी व मेशुलाम यांनी शुद्ध रूपात वेगळा केला. पुढे मेंदूत त्याचे ग्राही सापडले, आणि १९९२ मध्ये त्या ग्राहींना जुळणारे शरीरातीलच एक द्रव्य हाती आले. त्यास ‘अनंदामाइड’ असे नाव देण्यात आले. त्यातील पूर्वपद संस्कृत ‘आनंद’ हे होय. भारतीय वनस्पतीच्या मागोव्याने निघालेल्या शोधास भारतीय शब्द लाभला, ही गोष्ट भाषाभ्यासकास रोचक वाटेल. तथापि नावातील आनंद म्हणजे वेदनेचा परिहार नव्हे.

५. प्रमाण काय सांगते?

मज्जातंतुजन्य जीर्ण वेदनेवरील गांजाजन्य औषधांच्या १६ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. वेदना निम्म्याने किंवा अधिक उतरलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत शेकडा २१, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत शेकडा १७ होते. नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेवर गॅबापेंटिनचे असेच प्रमाण २०१७ च्या आढाव्यात ३२ विरुद्ध १७ आढळले. हे आकडे एकाच चाचणीतले नसल्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करता येणार नाही. परंतु गांजा चिठ्ठीवरच्या औषधास सहज मागे टाकतो, या समजुतीस त्यांतून आधार मिळत नाही. तसेच गॅबापेंटिन घेऊनही दहांपैकी सहासात रुग्णांना तेवढा उतार पडला नाही, हेही नजरेआड करू नये.

अफूवर्गीय औषधांची बाजूही याच कसोटीस लावली पाहिजे. अमेरिकेतील २४० निवृत्त सैनिकांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाठ, कंबर व गुडघे यांच्या जीर्ण दुखण्यावर बारा महिन्यांअखेर ही औषधे साध्या वेदनाशामकांहून सरस ठरली नाहीत. उपद्रव मात्र अधिक झाला. दुसरीकडे, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका मोठ्या चाचणीत गांजाच्या प्रमाणित अर्काने कंबरदुखीत निष्क्रिय औषधापेक्षा अधिक उतार दिला. शून्य ते दहा या मापावर तो फरक सुमारे ०.६ होता. फरक खरा, पण लहान. आणि तो मोजून केलेल्या अर्काचा, चिलमीतल्या गांजाचा नव्हे.

समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्याचा धोका एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अमेरिकेत ज्या राज्यांनी औषधी गांजास मान्यता दिली, तेथे १९९९ ते २०१० या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेचे मृत्यू अपेक्षेहून कमी आढळले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गांजा हा त्या औषधांस पर्याय ठरतो, असा डांगोरा पिटला गेला. २०१९ मध्ये हीच रीत २०१७ पर्यंतच्या आकड्यांस लावताच संबंध नेमका उलट निघाला.

६. धोक्यांची जातकुळी

अफूवर्गीय औषधांचे ग्राही श्वसनाचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागात विपुल आहेत. म्हणून अतिमात्रेने श्वास थांबतो. गांजाचे ग्राही तेथे विरळ असल्यामुळे प्रौढात त्या रीतीने मृत्यू सहसा येत नाही. हा भेद मूलभूत आहे. परंतु त्यावरून गांजा निरुपद्रवी ठरत नाही. चक्कर, गुंगी, स्मृतिमांद्य, काहींत मनोविभ्रम व परावलंबन हे त्याचे उपद्रव होत. वृद्धास चक्कर येऊन पडणे हीच मोठी आपत्ती असते, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम तो वाढवू शकतो. दाहशामक गोळ्या बिनधोक समजल्या जातात. दीर्घकाळ घेतल्यास त्या जठरात रक्तस्राव घडवितात व मूत्रपिंडास अपाय करतात.

येथे नावांच्या गोंधळाची सर्वांत मोठी किंमत सांगितली पाहिजे. १९८५ च्या अधिनियमाच्या कठोर तरतुदींमुळे रुग्णालये व औषधविक्रेते मॉर्फिन बाळगण्यास धजेनात, आणि पुढील बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. अफूची शेती करणाऱ्या देशात कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. ‘मादक द्रव्य’ या एका संज्ञेने गुन्हेगार आणि रुग्ण यांस एका पंक्तीत बसविले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला, आणि त्यात मॉर्फिनसह सहा औषधे घालण्यात आली. म्हणजे उपायाचा आरंभही नव्या संज्ञेनेच झाला.

७. उपसंहार

वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये, पुरेशा दर्जाच्या पुराव्याअभावी, वेदनेसाठी गांजाच्या सर्वसाधारण वापरास पाठिंबा देण्याचे नाकारले. त्याच वेळी अधिक संशोधनाची निकड प्रतिपादिली. हीच भूमिका आज युक्त दिसते.

या संदर्भात लोणावळ्याच्याच एका परंपरेचे स्मरण उचित होईल. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तेथे कैवल्यधाम स्थापिले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी आतड्यात निर्माण होणारा अवदाब त्यांनी दाबमापकाने मोजला, आणि मग त्यास आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. प्राचीन म्हणून स्वीकार नाही आणि प्राचीन म्हणून त्यागही नाही. आधी मापन, मग नामकरण, हा तेथील क्रम होता. गांजाविषयीच्या वादात हा क्रम उलटला आहे. नाव आधी ठरते, आणि मापन त्याच्या सोयीने शोधले जाते.

वलवणच्या त्या गृहस्थास द्यावयाचे उत्तर म्हणूनच प्रश्नरूप आहे. कोणते दुखणे : गुडघ्याचा ठणका की तळपायांची आग? कोणते द्रव्य, किती मात्रेत, कोणत्या औषधाच्या तुलनेत, किती काळ? आणि यश कशास म्हणावयाचे : मापावरचा अंक उतरण्यास, की रात्रीची झोप आणि अंगणापर्यंतची चाल परत येण्यास? हे विचारणारा डॉक्टर आणि वेदनेस नेमका शब्द देणारा रुग्ण समोरासमोर बसले, म्हणजे तुलनेस खरा आरंभ होतो.