मोटारीची रेस चिकटते? लगेच सेन्सर बदलू नका

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या शेजारी बजाजनगर वाढत गेले. आसपासच्या गावांतली किती तरी मुले आज तिकडे कामाला आहेत. त्यांतला एखादा जुनी पेट्रोल मोटार घेतो आणि सणावाराला ती गावी अंगणात येऊन उभी राहते. मग रात्री-अपरात्री आजारी माणसाला घाटीत न्यायचे असो की लेकीला माहेरी आणायचे असो, घराची सारी भिस्त त्या गाडीवर. अशा गाडीची रेस चिकटू लागली, म्हणजे पाय काढला तरी इंजिन घोंघावतच राहिले, तर ते अंगावर काढू नका.

चालत्या गाडीत असे झाले तर काय करायचे, ते घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला आधी शिकवून ठेवा. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. ब्रेक एकदाच जोराने दाबून धरावा. वारंवार दाबून सोडला तर तो जड होतो. गाडी कडेला उभी राहिली की मगच चावी बंद करावी. चालत्या गाडीत चावी काढली तर स्टिअरिंगला कुलूप बसते, आणि मग गाडी वळवता येत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. साधारण २००० सालापासून आपल्याकडच्या पेट्रोल मोटारींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. हवेच्या नळीत थ्रॉटलची गोल झडप असते. चारीवरचे दार जसे पाणी सोडते, तशी ती हवा सोडते. जुन्या गाड्यांत ती पायाच्या पेडलला केबलने जोडलेली असते. थ्रॉटलचा सेन्सर फक्त दार किती उघडले याची वर्दी कॉम्प्युटरला देतो. केबलच्या गाडीत दार उघडणे-मिटणे त्याच्या हाती नाही. म्हणून पेडलच परत येत नसेल, तर दोष बहुधा सेन्सरचा नसतो. सेन्सर बिघडला तर गाडी झटके देते, स्लो वर-खाली होतो, इंजिनचा दिवा लागतो. हा फरक ध्यानात ठेवला तर विनाकारण खर्च वाचतो.

अमेरिकेतही हा घोळ झाला होता. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात लेक्सस मोटार बेफाम सुटून चौघे दगावले. लोकांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला दोष दिला. टोयोटाच्या गाड्यांचा नासाच्या अभियंत्यांनी कित्येक महिने तपास केला; २०११ च्या अहवालात तसा दोष सापडला नाही. त्या अपघातात पेडल पायाखालच्या मॅटमध्ये अडकले होते!

तेव्हा आधी मॅट पाहा. आपण बाजारातून आणलेली जाड मॅट त्यावर आणखी एक गोणपाट टाकून वापरतो, ते बंद करावे. मग इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा आणि थ्रॉटलची चकती हाताने फिरवून सोडा. ती टप्पकन मिटली पाहिजे. केबल सोडवल्यावर मिटत असेल, तर केबल गंजली आहे किंवा तिची तार आतून तुटली आहे. तेल सोडत बसू नका, नवी टाका. केबल सोडूनही अडखळत असेल, तर झडपेच्या कडेला काळा चिकट थर बसला आहे. इंजिनातली तेलकट वाफ आणि फाटक्या एअर फिल्टरमधून आलेली धूळ मिळून तो होतो. थंड इंजिनावर कापडाला थ्रॉटल क्लीनर लावून तो पुसावा. पॉलिश पेपर लावू नये, सेन्सरवर फवारा मारू नये, आणि झडपेचा कारखान्यात बसवलेला स्क्रू फिरवू नये. केबल नसलेल्या नव्या गाडीत तर झडपेला हातच लावू नका; आतले दाते मोडतात.

एवढे करूनही झटके राहिले, तर सेन्सर तपासावा. कनेक्टर काढून पिनांवर हिरवट बुरशी आहे का, वायर उंदराने कुरतडली आहे का, ते पाहावे. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या गाडीत हे हमखास सापडते. मग कनेक्टर बसवून, इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी आणि सिग्नलच्या वायरवर मीटर लावावा. बहुतेक सेन्सरना पाच व्होल्ट मिळतात. झडप मिटलेली असता सिग्नल सुमारे अर्धा व्होल्ट दाखवतो आणि सावकाश उघडत गेल्यावर चारच्या पुढे जातो. येथे जुना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा बरा, कारण काटा मध्येच उडी मारताना डोळ्यांना दिसतो. तशी उडी दिसली तर आतली कार्बनची पट्टी झिजली आहे, आणि मग सेन्सर बदलण्यास हरकत नाही. मिस्त्रीला मीटर लावून ती उडी दाखवायला सांगा, आणि काढलेला जुना सेन्सर मागून घ्या.